थायरॉइडच्या गाठीची इलास्टोग्राफी: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पहिल्या पायरीपासून

सोनोग्राफी मशीनवरचं इलास्टोग्राफीचं, म्हणजे ऊतीचा कडकपणा मोजण्याचं, बटण दाबलं की पडद्यावर रंग येतात, आणि रंग आले की तपासणी झाली असं वाटतं. गल्लत इथेच होते. रंग कशानेही येतात: प्रोब जोरात रेटला तरी, रुग्णाने मध्येच आवंढा गिळला तरी, गाठीत निम्मं पाणी असलं तरी. कुठल्या रंगावर विश्वास ठेवायचा आणि कुठला पुसून पुन्हा सुरुवात करायची, एवढं जमलं की ही तपासणी आली म्हणायची.

हा लेख रेडिओलॉजीच्या रेसिडेंटसाठी आणि ही सोय असलेलं मशीन नुकतंच हाती आलेल्या सोनोलॉजिस्टसाठी आहे. साध्या थायरॉइड सोनोग्राफीवर तुमचा हात बसलेला आहे असं इथे गृहीत धरलं आहे. तो बसला नसेल तर आधी तो बसवा. इलास्टोग्राफी त्याची जागा घेत नाही.

कल्पना साधी आहे. थायरॉइडमधला सर्वाधिक आढळणारा कॅन्सर, म्हणजे पॅपिलरी कार्सिनोमा, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा बहुधा कडक असतो. बोटांनी चाचपताना जो कडकपणा जाणवतो, तो इथे चित्रात आणि आकड्यात मिळतो. बोटांना न लागणाऱ्या खोल, लहान गाठीतही मिळतो. मात्र फॉलिक्युलर कार्सिनोमा मऊ निघू शकतो, मेड्युलरीही कधीकधी. म्हणून ‘मऊ आहे, सोडून द्या’ हे वाक्य एकट्या इलास्टोग्राफीच्या जोरावर कधीच म्हणायचं नाही.

## १. मशीनमध्ये कुठला प्रकार आहे ते ओळखा

प्रकार मुख्यतः दोन. स्ट्रेन इलास्टोग्राफीत ग्रंथी हलकेच दाबली जाते, एकतर तुमच्या हाताने किंवा शेजारच्या कॅरोटिड धमनीच्या ठोक्याने. कुठला भाग किती दबला हे मशीन मोजतं. किती जोर लावला ते मशीनला ठाऊक नसतं, त्यामुळे उत्तर तुलनेतच मिळतं: हा भाग त्या भागापेक्षा कडक. १९९१ साली ऑफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली मूळ पद्धत हीच.

शिअर वेव्ह प्रकारात धक्का मशीनच देतं. ध्वनिलहरींच्या जोरदार पल्सने ऊतीत आडव्या लहरी उठतात आणि त्यांचा वेग मोजला जातो. ऊती जितकी कडक तितका वेग जास्त. काही मशीन एका छोट्या चौकटीतला एकच वेग देतात, काही पूर्ण रंगीत नकाशा देतात. आकडा मीटर प्रति सेकंदात किंवा किलोपास्कलमध्ये येतो. दोन्हींतलं नातं असं: किलोपास्कल म्हणजे ढोबळमानाने वेगाच्या वर्गाची तिप्पट. वेग २ असेल तर १२ किलोपास्कल, ३ असेल तर २७, ४ असेल तर ४८. वेग दुप्पट झाला की किलोपास्कल चौपट होतात, हे डोक्यात पक्कं ठेवा. एका एककातला आकडा दुसऱ्या एककाच्या मर्यादेशी ताडून पाहण्याची चूक अगदी सहज होते.

## २. तपासणीआधी हाताशी काय हवं

- लिनिअर प्रोब, साधारण ७ ते १५ मेगाहर्ट्झचा. त्याच प्रोबवर इलास्टोग्राफीची सोय चालू आहे ना, ते मशीनमध्ये पाहून घ्या. प्रत्येक प्रोबवर ती असतेच असं नाही.
- भरपूर जेल. नेहमी लागतं त्याच्या दुप्पट धरा.
- खांद्याखाली ठेवायला पातळ उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल.
- टीएसएचचा अलीकडचा रिपोर्ट. टीएसएच कमी असेल तर पुढचा रस्ता आधी न्यूक्लिअर स्कॅनकडे जातो.
- जुने सोनोग्राफी रिपोर्ट, आणि शक्य असेल तर चित्रंही.
- आधी एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून केलेली तपासणी) झाली असेल तर तिची तारीख, कुठल्या गाठीची, आणि बेथेस्डा वर्ग (त्या पेशींच्या रिपोर्टची श्रेणी) कोणता.
- हाशिमोटो (थायरॉइडची ऑटोइम्यून सूज), थायरॉइडवरची शस्त्रक्रिया, रेडिओआयोडीन किंवा मानेला दिलेलं रेडिएशन यांचा इतिहास.

मशीन फक्त थायरॉइडसाठी वापरायचं असलं तरी भारतात त्याची आणि केंद्राची पीसीपीएनडीटी कायद्याखाली (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) नोंदणी लागतेच. कंपनीने ‘डेमो’साठी आणलेलं मशीनही कागदपत्रांशिवाय लावून घेऊ नका.

## ३. आधी बी-मोड (नेहमीची करड्या छटांची सोनोग्राफी) पूर्ण करा, वर्गही ठरवून टाका

रंग बघण्याआधी टायरॅड्सचा (बी-मोडवरून गाठ किती संशयास्पद ते ठरवणाऱ्या पद्धतीचा) वर्ग लिहून टाका. एकदा लाल-निळं दिसलं की डोळा कडांकडे आणि कॅल्शियमच्या ठिपक्यांकडे निष्पक्षपणे बघत नाही. मऊ दिसलेल्या गाठीच्या वेड्यावाकड्या कडाही ‘ठीक’ वाटू लागतात.

२०१७ सालच्या एसीआर (अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी) टायरॅड्समध्ये इलास्टोग्राफीला एकही गुण नाही. त्याच वर्षीच्या युरोपियन टायरॅड्सने तिला पूरक तपासणी म्हटलं आहे, बी-मोडला पर्याय म्हटलेलं नाही. एसीआरनुसार एफएनएसी केव्हा करायची ते पाठ असू द्या: टीआर ३ असेल तर २.५ सेंटिमीटरपासून, टीआर ४ असेल तर १.५ पासून, टीआर ५ असेल तर १ पासून. इलास्टोग्राफी मऊ आली म्हणून या मर्यादा वर सरकत नाहीत.

## ४. कुठली गाठ घ्यायची आणि कुठली सोडायची

सगळ्याच गाठींवर हा प्रयोग करू नका. पूर्ण किंवा बहुतांश पाण्याची गाठ सोडा. द्रवात शिअर वेव्ह जातच नाही, आणि स्ट्रेनमध्ये पाण्याच्या जागी काही मशीनवर निळा-हिरवा-लाल असे पट्टे दिसतात. तो आर्टिफॅक्ट, म्हणजे मशीनवरचा भास आहे, कडकपणा नाही. अंड्याच्या कवचासारखं कॅल्शियम भोवती असलेली गाठही सोडा. ५ मिलिमीटरच्या आतल्या गाठीत चौकट नीट बसत नाही, आणि ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल असलेल्या भागात पल्सचा जोर पुरत नाही. गाठ इतकी मोठी असेल की निरोगी ग्रंथी उरलेलीच नाही, तर स्ट्रेनला तुलनेसाठी काही मिळत नाही.

इस्थमसमधल्या (ग्रंथीच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या मधल्या पट्ट्यातल्या) गाठी वेगळाच त्रास देतात. खाली श्वासनलिकेचं कूर्चेचं कडं, वर प्रोब. मध्ये गाठ चिमटली जाते आणि खोटीच कडक दिसते. करायचीच असेल तर प्रोब जवळजवळ उचलून धरा आणि रिपोर्टमध्ये ‘मर्यादित विश्वासार्हता’ असं लिहा.

खरा उपयोग पुढच्या तीन जागी होतो. बहुगाठी गॉयटरमध्ये टायरॅड्सने सारख्याच दिसणाऱ्या अनेक गाठींतून सुई कुठे घालायची हे ठरवताना. एफएनएसीचं उत्तर बेथेस्डा ३, म्हणजे धड इकडे ना धड तिकडे, असं आलं असताना. आणि एफएनएसी सौम्य आली, पण बी-मोडवर गाठ संशयास्पद वाटते आहे, अशी तफावत असताना.

## ५. रुग्णाला कसं झोपवायचं

पाठीवर, खांद्याखाली पातळ उशी, मान किंचित मागे. ‘किंचित’ म्हणजे खरंच किंचित. मान खूप मागे ताणली की स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड आणि ग्रंथीपुढचे पट्ट्यासारखे स्नायू तणतात, आणि तो ताण थेट ग्रंथीवर येतो. कुबड असलेल्या वयस्कर रुग्णांना डोक्याखाली उशी द्या. मान सरळ राहिली तरी चालेल, पण ढिली हवी.

मग बोला. “काकू, आता एकदा थुंकी गिळून घ्या. मी सांगेन तेव्हा श्वास आहे तिथेच थांबवा, खोल घेऊ नका. तेवढा वेळ बोलायचं नाही, गिळायचं नाही.” खोल श्वास घेऊन रोखला की ग्रंथी वर-खाली सरकते, म्हणून ‘आहे तिथेच’ हे शब्द सोडू नका. ५-७ सेकंदांहून जास्त रोखायला लावू नका. रुग्ण घाबरतो आणि आवंढा येतोच.

## ६. प्रोबचा दाब: सगळ्यात जास्त चुका इथेच

स्पंज मुठीत आधीच आवळून धरला आणि मग त्यावर बोट दाबलं, तर तो कडकच लागणार. ऊतीचंही तसंच आहे. तिचा कडकपणा स्थिर नसतो. जितकं आधी दाबाल तितकी ती जास्त कडक होत जाते. प्रोबच्या जास्तीच्या दाबाने सौम्य गाठसुद्धा संशयास्पद आकडा दाखवू शकते. दाब कमी ठेवणं हे स्ट्रेनपेक्षाही शिअर वेव्हमध्ये जास्त महत्त्वाचं आहे, कारण तिथे तुम्ही आकडा लिहून देता आणि लोक आकड्यावर विश्वास ठेवतात.

दाब कमी आहे हे ओळखायच्या तीन खुणा:

जेलचा थर दिसतोय का? चित्राच्या अगदी वरच्या काठाला जेलची पातळ काळी पट्टी दिसायला हवी. ती नाहीशी झाली म्हणजे प्रोब त्वचेवर टेकून दाबतो आहे.

इंटर्नल ज्युग्युलर शीर उघडी आहे का? आडव्या छेदात कॅरोटिडच्या बाजूला बघा. शीर चपटी झाली असेल तर हात उचला. ती गोल-लंबगोल राहील इतकाच स्पर्श ठेवायचा. या खुणेला काही खर्च नाही, वेळही लागत नाही, आणि एखाद्या मशीनवर दाबाची सूचना येत नसली तरी ही कायम असतेच.

त्वचेलगतचा भाग उगाच कडक दिसतोय का? नकाशात वरच्या थरात, गाठीच्या बाहेरही, कडकपणाचा रंग उभ्या पट्ट्यांत उतरताना दिसला तर तो दाबाचा आर्टिफॅक्ट आहे.

हात कसा धरायचा? करंगळी आणि तळहाताची कड रुग्णाच्या हंसळीवर किंवा छातीवर टेकवा. प्रोबचं वजन हाताने पेला, मानेवर सोडू नका. केबल खांद्यावरून घ्या, लोंबती ठेवली तर तीच प्रोब ओढते. प्रोब त्वचेला काटकोनात. तिरका प्रोब एका कडेला जास्त दाबतो, आणि मग गाठीची एक बाजू कडक, दुसरी मऊ असं फसवं चित्र तयार होतं.

सवय करायची असेल तर निरोगी सहकाऱ्याच्या थायरॉइडवर एकाच जागी मुद्दाम तीन वेळा मोजा: तरंगत्या हाताने, नेहमीच्या हाताने, आणि थोडा दाबून. तिन्ही आकडे कागदावर शेजारी लिहा. नेहमीचा हात किती जड आहे हे बहुतेकांना तेव्हाच कळतं.

## ७. छेद आणि चौकट

मोजमाप उभ्या छेदात घ्या. आडव्या छेदात कॅरोटिड शेजारीच असते, तिचा ठोका ग्रंथी बाजूला ढकलतो आणि वाचन डळमळतं. अपवाद एकच: तुमचं मशीन कॅरोटिडच्या ठोक्यावरच स्ट्रेन काढत असेल, तर उत्पादकाने सांगितलेला छेद वापरा.

रंगाच्या चौकटीत पूर्ण गाठ यावी आणि भोवतालची थोडी निरोगी ग्रंथीही. श्वासनलिका, कॅरोटिड आणि हाड बाहेर ठेवा. चौकट उगाच मोठी केली की फ्रेमरेट पडतो.

## ८. प्रत्यक्ष मोजणं

स्ट्रेन: हाताने करायचं असेल तर हालचाल एखाद-दोन मिलिमीटरची, सरळ वर-खाली, एकसारख्या लयीत. बहुतेक मशीन पडद्यावर दाबाचा आलेख किंवा गुणवत्तेचा दर्जा दाखवतात. तो चांगला असलेल्या सलग काही फ्रेममध्ये रंग तोच राहिला तरच चित्र गोठवा. एकाच सुंदर फ्रेमवर भुलू नका, मागच्या-पुढच्या फ्रेमही पाहा. स्ट्रेन रेशो (गाठ निरोगी ग्रंथीच्या किती पट कडक) काढताना तुलनेची चौकट त्याच खोलीवरच्या निरोगी ग्रंथीत ठेवा. खोलीनुसार दाब कमी होतो, म्हणून वरच्या स्नायूशी केलेली तुलना वेगळंच उत्तर देते.

शिअर वेव्ह: इथे हात अजिबात हलवायचा नाही. बटण दाबा, श्वास थांबवायला सांगा, आणि रंग स्थिर होईपर्यंत ३ ते ५ सेकंद थांबा. पहिल्या क्षणाचा रंग जवळजवळ नेहमी खोटा असतो. मग गोठवा. २-३ मिलिमीटरचं वर्तुळ सर्वांत कडक दिसणाऱ्या घन भागावर, दुसरं पूर्ण गाठीभोवती, तिसरं त्याच खोलीवरच्या निरोगी ग्रंथीत. कॅल्शियम आणि पाण्याचे कप्पे टाळा. सरासरी आणि कमाल, दोन्ही आकडे नोंदवा.

हे सगळं कमीत कमी तीन वेळा करा, जमल्यास पाच, आणि प्रत्येक वेळी प्रोब उचलून पुन्हा ठेवा. नुसतं पुन्हा गोठवणं म्हणजे तीच चूक पुन्हा मोजणं. त्यातला मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. वाचनं किती विखुरलेली चालतील? यकृताच्या तपासणीत किलोपास्कलसाठी आंतरचतुर्थक विस्तार (मधल्या निम्म्या वाचनांचा पसारा) मध्यकाच्या ३० टक्क्यांच्या आत असावा असा नियम आहे. थायरॉइडसाठीही कामचलाऊ कसोटी म्हणून तो बरा.

नकाशात गाठीच्या मध्यभागी रंगच आला नाही, काळी पोकळी राहिली, तर तिला ‘मऊ’ समजू नका. पाणी असेल, कॅल्शियमची सावली असेल, किंवा गाठ इतकी कडक असेल की लहर मोजण्याजोगी आत पोचलीच नाही. कुठलं कारण ते बी-मोड सांगेल. घन, गडद गाठीतली काळी पोकळी दिलासा देणारी नसते. एकच वेग देणाऱ्या काही मशीनवर अशा वेळी आकड्याऐवजी फुल्या येतात. त्याचा अर्थ ‘मोजता आलं नाही’ इतकाच.

## ९. रंग आणि गुण

आधी रंगपट्टी बघा, दर वेळी. काही कंपन्यांच्या मशीनवर निळा म्हणजे कडक, काहींवर लाल म्हणजे कडक. दोन ठिकाणी काम करणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. रिपोर्टमध्ये ‘लाल’ किंवा ‘निळी’ असं लिहू नका, ‘कडक’ किंवा ‘मऊ’ लिहा.

स्ट्रेनसाठी दोन गुणपद्धती जास्त वापरात आहेत आणि त्यांची सरमिसळ घातक आहे. २००७ सालच्या रागो यांच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत. १ म्हणजे सगळी गाठ मऊ, २ म्हणजे बराचसा भाग मऊ, ३ म्हणजे फक्त कडेला मऊ, ४ म्हणजे पूर्ण कडक, ५ म्हणजे गाठीसोबत मागच्या सावलीचा भागही कडक. ४ आणि ५ संशयास्पद. २००८ सालच्या आस्टेरिया यांच्या पद्धतीत चारच पायऱ्या: पूर्ण मऊ, बहुतांश मऊ, बहुतांश कडक, पूर्ण कडक. इथे ३ आणि ४ संशयास्पद. म्हणजे ‘गुण ३’ एका पद्धतीत सौम्य आणि दुसरीत संशयास्पद ठरतो. पद्धतीचं नाव न लिहिता दिलेला गुण म्हणूनच निरुपयोगी.

## १०. आकड्याची मर्यादारेषा कुठली मानायची

सगळ्यांना हाच प्रश्न पडतो आणि त्याला एक उत्तर नाही. २०१० साली सेबाग यांच्या फ्रेंच गटाने रंगीत नकाशाच्या शिअर वेव्हसाठी ६५ किलोपास्कल ही रेषा मांडली. नंतरच्या अभ्यासांत ती पस्तिशीच्या आसपासपासून पंच्याऐंशीपर्यंत कुठेही सापडते. एकच वेग देणाऱ्या मशीनवरच्या अभ्यासांत मर्यादा साधारण अडीच ते तीन मीटर प्रति सेकंद येते, म्हणजे सूत्राने जेमतेम १९ ते २७ किलोपास्कल. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांत बदलून वापरता येत नाहीत, याचा यापेक्षा ठळक पुरावा नको.

मग करायचं काय? आपल्याच मशीनवर, आपल्याच हाताने निरोगी थायरॉइडची वाचनं गोळा करा, आणि एफएनएसी किंवा शस्त्रक्रियेचं उत्तर हाती आलेल्या गाठींची नोंद एका तक्त्यात ठेवत चला. तोपर्यंत आकडा हा ‘आसपासच्या ग्रंथीपेक्षा किती पट’ या अंगाने वाचा. एखाद्या रेषेच्या दोन किलोपास्कल वर किंवा खाली असणं याला काहीही अर्थ नाही.

## ११. खोटी कडक, खोटी मऊ

सबॲक्यूट थायरॉइडायटिसचा दुखरा भाग खूप कडक येतो. ताप, मान दुखणं, वाढलेला ईएसआर यांची चौकशी करा. जुन्या गाठीतली फायब्रोसिस, आधीच्या सुयांनी झालेला व्रण, कॅल्शियम, यांनीही आकडा चढतो. उलट, हाशिमोटोमध्ये भोवतालची ग्रंथीच कडक झालेली असते, त्यामुळे कॅन्सरची गाठही ‘आसपासच्याइतकीच’ वाटते आणि रेशो खाली येतो. अशा रुग्णात रेशोऐवजी शिअर वेव्हचा थेट आकडा बघा, तोही सावधपणे. मध्ये पाणी झालेला पॅपिलरी कॅन्सर आणि फॉलिक्युलर कॅन्सर हे खोट्या मऊपणाचे नेहमीचे मानकरी.

## १२. रिपोर्ट

इलास्टोग्राफीचा परिच्छेद बी-मोडच्या खाली, वेगळा. त्यात मशीन आणि प्रोब, पद्धत, छेद, वाचनांची संख्या, मध्यक आणि कमाल आकडा एककासह, निरोगी ग्रंथीचा आकडा, स्ट्रेन असेल तर गुण आणि गुणपद्धतीचं नाव, आणि विश्वासार्हता कमी असल्यास कारण. रंगपट्टी दिसेल असं एक चित्र जोडा.

निष्कर्ष लिहिताना बी-मोड पुढे, इलास्टोग्राफी मागे. समजा घन आणि आसपासपेक्षा गडद अशी १.२ सेंटिमीटरची गाठ आहे: दोन अधिक दोन, चार गुण, टीआर ४. आकाराने ती पाठपुराव्यात बसते, एफएनएसीत नाही. ती वारंवार, सगळ्या वाचनांत ठळक कडक आली, तर ‘पाठपुराव्याऐवजी आताच एफएनएसीचा विचार व्हावा’ असं सुचवणं योग्य आहे. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आणि रुग्णाचा. तीच गाठ मऊ आली तर पाठपुरावा होता तसाच ठेवायचा. आणि टीआर ५ ची १.२ सेंटिमीटरची गाठ कितीही मऊ आली तरी एफएनएसीची शिफारस जागची हलत नाही.

टेबलवरून उठता उठता रुग्ण विचारतातच, “डॉक्टर, गाठ कडक आहे म्हणजे कॅन्सर का?” उत्तर असं द्या: कडक गाठी बऱ्याच वेळा साध्याही असतात, हे चित्र फक्त सुईची तपासणी हवी का आणि कुठे हवी हे ठरवायला मदत करतं. किलोपास्कलचा आकडा तोंडी सांगू नका. घरी जाऊन तो इंटरनेटवरच्या भलत्याच मशीनच्या मर्यादेशी ताडला जातो.

पुढच्या भेटीसाठी मशीन, प्रोब आणि प्रीसेट तेच ठेवा, आणि किलोपास्कलच्या रंगपट्टीची वरची मर्यादाही तीच. मर्यादा १०० वरून १८० वर गेली की तीच गाठ नकाशावर अचानक मऊ झाल्यासारखी दिसते.